पाच दिवस ताप, अंगावर काळी खपली : लेकरांचा स्क्रब टायफस उशिरा का सापडतो?

पोळा झाला की आपल्याकडे तापाचा हंगाम सुरू होतो. पीएचसीच्या ओसरीवर रांग लागते, खाजगी दवाखान्यात सलाईनच्या बाटल्या लटकतात आणि घरोघरी एकच प्रश्न असतो – डेंग्यू आहे का टायफॉईड? या दोन नावांच्या मधून तिसरं एक नाव दरवर्षी निसटून जातं. स्क्रब टायफस. नागपूर विभागाला हे नाव नवीन नाही. २०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात इथे शंभरावर रुग्ण सापडले होते, त्यातले काही दगावले. तेव्हा महिनाभर सगळीकडे याचीच चर्चा होती. ग्रामपंचायतींनी गवत कापलं, फवारणी केली. थंडी पडली, आजार ओसरला, आणि आपणही विसरलो.

आजार मात्र कुठे गेला नाही. तो मातीत, धुऱ्यावरच्या गवतात आणि उंदरांच्या अंगावर राहतो. दरवर्षी पावसाळ्याच्या शेवटी ते दिवाळीनंतरच्या आठवड्यांपर्यंत तो डोकं वर काढतो. यात लेकरांचं प्रकरण जास्त नाजूक. मोठा माणूस सांगतो, डोकं फुटतंय, अंग मोडतंय. तीन वर्षांचं लेकरू फक्त किरकिर करतं.

या लेखात एकच गोष्ट तपासायची आहे. ज्या आजारावर साठ-सत्तर वर्षांपासून औषध आहे, जे औषध सरकारी दवाखान्यात मिळतं आणि ज्याची एक कॅप्सूल कटिंग चहापेक्षा महाग नाही, त्या आजाराने लेकरू आयसीयूपर्यंत जातंच कसं?

आधी आजार समजून घेऊ

नावावरून घोळ होतो म्हणून पहिल्यांदा हे सांगतो : टायफस वेगळा, टायफॉईड वेगळा. टायफॉईड दूषित पाण्या-अन्नातून होतो. स्क्रब टायफस चावण्यातून होतो. चावणारा जीव गोचिडाच्या जातकुळीतला, पण इतका बारीक की डोळ्याला दिसणं कठीण. त्याला चिगर म्हणतात. माइट नावाच्या किड्याचं ते पिल्लू. मोठा माइट माणसाला चावत नाही, पिल्लूच चावतं. गवताच्या पात्यावर ते बसून असतं, उंदीर, घूस किंवा माणूस जवळून गेला की अंगावर चढतं, मऊ कातडी शोधतं आणि दोन-तीन दिवस तिथेच चिकटून राहतं. चावलेलं कळतही नाही. दुखत नाही, खाजही फारशी येत नाही.

या चिगरच्या लाळेतून ओरिएन्शिया सुसुगामुशी नावाचा जिवाणू शरीरात जातो. नाव जपानी आहे, कारण आजार तिथे फार जुना. माइटच्या मादीकडून तो जिवाणू अंड्यांतून थेट पुढच्या पिढीत उतरतो. म्हणून एखाद्या नाल्याकाठचा, एखाद्या पडीताचा तुकडा वर्षानुवर्षं धोक्याचा राहतो आणि शंभर फुटांवरच्या दुसऱ्या तुकड्यात काहीच नसतं. माणसाकडून माणसाला हा होत नाही. घरात एकाला झाला म्हणून त्याचं ताट वेगळं करायची गरज नाही. पण घरातली सगळी एकाच धुऱ्यावर, एकाच गोठ्यात वावरतात, त्यामुळे दुसऱ्यालाही ताप आला तर तो याच वाटेने आलेला असू शकतो.

चावल्यानंतर ताप लगेच येत नाही. सहा दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत कधीही, बहुतेकदा दहा-बारा दिवसांनी. तोवर लेकरू सोयाबीनच्या वावरात खेळलं होतं की मामाच्या गावी कुटाराच्या ढिगावर लोळलं होतं, हे कोणाच्या लक्षात राहत नाही. डॉक्टर विचारतात, ‘कुठे गेला होता?’ आपण म्हणतो, ‘कुठेच नाही.’

अंगावरची खूण

पहिले चार-पाच दिवस हा ताप इतर कुठल्याही तापासारखाच दिसतो. १०२-१०४ पर्यंत चढतो, थंडी वाजते, डोकं दुखतं, उलटी होते, पोट दुखतं, कोरडा खोकला येतो. डोळे लाल होतात. लेकरांमध्ये आणखी काही गोष्टी दिसतात ज्या आईच्या नजरेला आधी कळतात : पापण्या आणि चेहरा सुजल्यासारखा, हातापायावर थोडी सूज, पोट फुगल्यासारखं. आतमध्ये यकृत आणि पाणथरी वाढलेली असते, ते डॉक्टरांच्या हाताला लागतं. काहींच्या छाती-पोटावर फिकट लालसर पुरळ येते, आणि ती सावळ्या अंगावर सहज सुटून जाते.

यात एक खूण अशी आहे की ती सापडली तर निम्मं काम झालं. चिगर जिथे चावतं तिथे आधी बारीक पुळी येते, मग मधोमध काळी खपली धरते आणि भोवती लाल कडं राहतं. विडीचा चटका बसल्यासारखी दिसते. दुखत नाही, म्हणून लेकरू दाखवत नाही. आणि ती असते कुठे? काखेत, जांघेत, लघवीच्या जागेजवळ, ढुंगणाच्या घडीत, कमरेच्या करदोड्याखाली, कानामागे, मानेवर, कधी तर डोक्याच्या केसांत. त्या भागातली गाठ सुजलेली असते. दवाखान्यात गर्दी असते, डॉक्टर सदरा वर करून छातीला नळी लावतात आणि पुढचा पेशंट येतो. चड्डी काढून जांघ कोण बघतं? म्हणून हे काम घरीच करायचं. ताप आलेल्या लेकराला उजेडात पूर्ण उघडं करून, केसांपासून तळपायापर्यंत एकदा बघायचं. आंघोळ घालताना किंवा अंग पुसताना दोन मिनिटं लागतात. वयात आलेल्या मुली लाजतात, त्यांना आईने किंवा आजीने विश्वासात घेऊन बघावं.

उलटी बाजूही सांगितली पाहिजे. खपली नाही म्हणजे स्क्रब टायफस नाही, असं नाही. भारतातल्या बऱ्याच रुग्णांमध्ये ती सापडतच नाही. खूण असली तर खात्री जवळजवळ पक्की, नसली तर शंका कायम.

उशीर कुठे होतो

आता मूळ प्रश्नाकडे. आपल्या तालुक्यांतला नेहमीचा प्रवास बघा. पहिल्या-दुसऱ्या दिवशी मेडिकलवरून तापाची गोळी. तिसऱ्या दिवशी गावातला किंवा बाजाराच्या गावचा डॉक्टर, एक इंजेक्शन. ताप घटकाभर उतरतो, रात्री पुन्हा चढतो. चौथ्या-पाचव्या दिवशी रक्त तपासलं, ‘विडाल पॉझिटिव्ह’ आली, म्हणजे टायफॉईड. मग सेफिक्झिम किंवा सेफ्ट्रियाक्झोन सुरू. कुठे ‘पांढऱ्या पेशी’ कमी निघाल्या, म्हणजे डेंग्यू. (आपण ज्याला पांढऱ्या पेशी म्हणतो त्या बहुतेक वेळा प्लेटलेट असतात, खऱ्या पांढऱ्या पेशी वेगळ्या. पण आता हा शब्द बदलणं कठीण.) सातव्या-आठव्या दिवशी लेकरू सुस्त पडतं किंवा धाप लागते. मग गाडी करून नागपूर.

या प्रवासात दोन ठिकाणी गाडी घसरते. एक, विडाल. एकदाच केलेल्या विडाल चाचणीवर टायफॉईड ठरवणं भरवशाचं नाही, हे डॉक्टर मंडळींनाही माहीत आहे, तरी ती सर्रास होते, कारण ती स्वस्त आणि लगेच होते. दुसरं, अँटिबायोटिकची निवड. स्क्रब टायफसचा जिवाणू आपल्या पेशींच्या आत घुसून बसतो. अमॉक्सिसिलिन, सेफिक्झिम, सेफ्ट्रियाक्झोन ही औषधं जिवाणूच्या भिंतीवर घाव घालतात. या जिवाणूवर त्यांचा उपयोग होत नाही, मग बाटली कितीही महाग असो. ‘भारी इंजेक्शनं चालू आहेत तरी ताप उतरत नाही’ हे वाक्य ऐकलं की डॉक्टरांच्याही मनात स्क्रब टायफस यायला हवा.

प्लेटलेटचंही तसंच. त्या डेंग्यूत कमी होतात, मलेरियात होतात, स्क्रब टायफसमध्येही होतात. नुसत्या आकड्यावरून आजार ठरत नाही.

चाचणी कोणती, असं विचाराल तर स्क्रब टायफसची आयजीएम एलायझा. रक्तातली प्रतिद्रव्यं ती पकडते, आणि ती तयार व्हायला पाच-सात दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी केली आणि निगेटिव्ह आली तर तिच्यावर विसंबू नये. वेल-फेलिक्स नावाची जुनी चाचणी सोपी आहे, पण बरेच रुग्ण तिच्यातून सुटतात. पीसीआर लवकर सांगते, पण ती मोठ्या प्रयोगशाळेतच. म्हणजे ज्या दिवसांत औषध सर्वात चांगलं काम करतं, त्याच दिवसांत चाचणी सर्वात कच्ची असते.

याच अडचणीवर केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाने आणि आयसीएमआरने २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातला मुद्दा साधा आहे. पाच दिवस किंवा जास्त ताप आणि कारण सापडत नाही, तर स्क्रब टायफसचा संशय धरा. काळी खपली दिसली तर पाच दिवसही थांबू नका. रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करा. आणि पीएचसीत आलेला रुग्ण गंभीर असेल, मोठ्या दवाखान्यात पाठवायचा असेल, तर डॉक्सिसायक्लिन सुरू करून मगच पाठवा. कागदावर हे इतकं स्पष्ट असताना रेफर चिठ्ठीवर ‘ताप, पुढील उपचारासाठी’ एवढंच लिहून लेकरू अँब्युलन्सात चढत असेल, तर ते तीन-चार तास फुकट गेले. आणि या आजारात तासांना किंमत आहे.

दुसरा आठवडा

उपचार मिळाला नाही तर दुसऱ्या आठवड्यात आजार आपलं खरं रूप दाखवतो. जिवाणू बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा करतो, आणि रक्तवाहिन्या तर सगळ्या शरीरभर आहेत. म्हणून एका लेकराला फुप्फुसाचा त्रास होतो, दुसऱ्याला मेंदूचा, तिसऱ्याचं बीपी खाली जातं. लघवी कमी होणं, कावीळ, हृदयाच्या स्नायूला सूज, नाकातोंडातून रक्त, हे सगळं याच एका आजाराने होऊ शकतं. उपचार न झालेल्या रुग्णांच्या जगभरच्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा मृत्यूचं मधलं प्रमाण ६ टक्के निघालं, काही ठिकाणी ते ७० पर्यंत गेलेलं. उपचार झालेल्यांत ते दीड टक्क्याच्या आत.

श्वासावर लक्ष ठेवायला मशीन लागत नाही. मोबाईलमध्ये एक मिनिट लावा आणि लेकरू शांत असताना पोट किती वेळा वर येतं ते मोजा. एक ते पाच वर्षांच्या लेकराचे श्वास मिनिटाला ४० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे ५० किंवा जास्त असतील, तर त्याच दिवशी दवाखाना. बरगड्या आत ओढल्या जात असतील, झटका आला असेल, हाक मारल्यावर नीट डोळे उघडत नसतील, सारखी उलटी होऊन पाणीही पोटात ठरत नसेल, हातपाय गार पडले असतील किंवा सहा-आठ तास लघवी झाली नसेल, तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा.

मेंदूच्या बाबतीत आपल्या भागाला एक खास इतिहास आहे. चांदीपुरा विषाणू नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या रुग्णांत १९६५ मध्ये सापडला आणि त्याच गावाच्या नावाने जगभर ओळखला जातो. म्हणून लेकराला ताप आणि झटके आले की इथे पहिला विचार त्याचा किंवा जपानी मेंदूज्वराचा होतो. तो व्हायलाच हवा. पण फरक लक्षात घ्या. चांदीपुरात लेकरू बहुतेकदा एक-दोन दिवसांतच कोसळतं आणि त्यावर नेमकं औषध नाही. स्क्रब टायफसमध्ये आधी पाच-सात दिवसांचा ताप असतो, मग सुस्ती आणि झटके. आणि यावर औषध आहे. झटके आले म्हणून ‘बाहेरचं आहे’ असं समजून कुठे अंगारा घ्यायला नेत असाल, तर अंगारा जरूर लावा, पण गाडीत बसल्यावर लावा.

गोरखपूरने काय शिकवलं

उत्तर प्रदेशातल्या गोरखपूर भागात दर पावसाळ्यात मेंदूच्या तापाने शेकडो लेकरं जात होती. वर्षानुवर्षं सगळ्यांचं लक्ष जपानी मेंदूज्वरावर होतं. लस आली, तो कमी झाला, तरी मृत्यू थांबेनात. २०१५ आणि त्यानंतर तिथल्या लेकरांचे नमुने स्क्रब टायफससाठी तपासले, तर सुमारे ६० टक्क्यांत त्याचा पुरावा सापडला. म्हणजे ज्याला विषाणूचा असाध्य आजार समजत होते, त्यात मोठा वाटा एका साध्या अँटिबायोटिकने बऱ्या होणाऱ्या जिवाणूचा होता.

मग तिथे दिशा बदलली. लेकरू मेंदूच्या तापापर्यंत पोहोचण्याआधी, साधा ताप असतानाच, गावपातळीच्या केंद्रात डॉक्सिसायक्लिन किंवा अझिथ्रोमायसिन द्यायचं. पुढच्या वर्षांत तिथले मृत्यू बरेच कमी झाले. सगळं श्रेय या औषधालाच देणं बरोबर होणार नाही. लसीकरण, पाणी, दवाखान्यांतल्या सोयी हेही त्यात आहे. पण आपल्यासाठी धडा असा की लढाई मेडिकल कॉलेजच्या आयसीयूत नाही, पीएचसीच्या ओपीडीत जिंकायची असते. २०१७ मध्ये गोरखपूर आणि देवरियाच्या लेकरांवर झालेल्या अभ्यासात धोक्याच्या ज्या गोष्टी निघाल्या त्याही ओळखीच्या आहेत : शेतात खेळणं, चाऱ्याला हात लावणं, घरात सरपण साठवणं, उघड्यावर शौचाला जाणं. आपल्या गावाचंच वर्णन वाटतं.

औषधाची भीती

डॉक्सिसायक्लिन हे पहिलं औषध. लेकरांना ते द्यायला आजही काही डॉक्टर आणि बरेच मेडिकलवाले कचरतात, कारण ‘आठ वर्षांखाली दिलं तर दात पिवळे होतात.’ ही भीती जुन्या टेट्रासायक्लिनची आहे. त्याने दातांवर डाग पडत, हे खरं. डॉक्सिसायक्लिन त्याच घराण्यातलं, पण कॅल्शियमला कमी चिकटतं. अमेरिकेत आठ वर्षांच्या आत हे औषध घेतलेल्या ५८ मुलांचे दात पुढे तपासले, एकाच्याही दातावर तसा डाग सापडला नाही. २०१८ पासून तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २१ दिवसांपर्यंतचा कोर्स कोणत्याही वयात चालेल असं म्हटलं आहे. स्क्रब टायफसला साधारण आठवडाभरच लागतं. दात आणि जीव यात निवड करायची वेळ मुळात येतच नाही.

दुसरं औषध अझिथ्रोमायसिन. फार लहान बाळांना, गरोदर बायांना, किंवा डॉक्सिसायक्लिन चालत नसेल त्यांना ते देतात. लेकरू गंभीर असेल तर औषध शिरेतून द्यावं लागतं. गंभीर रुग्णांना दोन्ही औषधं एकत्र द्यावीत का, यावर भारतातल्याच सात केंद्रांत मोठा अभ्यास झाला आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही मिळून दिलेल्यांत गुंतागुंत कमी दिसली. पण त्यात १५ वर्षांवरचेच रुग्ण होते, म्हणून लहानग्यांबाबत तो निर्णय तज्ज्ञांनीच घ्यायचा.

औषध बरोबर लागलं तर फरक झटकन दिसतो. बहुतेक लेकरांचा ताप दोन दिवसांत उतरतो. नाही उतरला तर निदान पुन्हा तपासावं लागतं, किंवा सोबत दुसरा आजार असतो. ताप उतरला म्हणून कोर्स मधेच सोडू नका. डोस वजनावर ठरतो, म्हणून मोठ्या भावाची उरलेली कॅप्सूल अर्धी करून देणं हा उपाय नव्हे. कॅप्सूल भरपूर पाण्यासोबत, बसवून द्या आणि लगेच आडवं करू नका, नाहीतर अन्ननळीत जळजळ होते. लोहाचं किंवा कॅल्शियमचं औषध आणि ॲसिडिटीचं पातळ औषध त्याच वेळी देऊ नका. तापासाठी पॅरासिटामॉलच. डेंग्यूची शक्यता संपेपर्यंत वेदनेची दुसरी इंजेक्शनं मागू नका.

मग डॉक्सिसायक्लिन स्वतःच मेडिकलवरून आणून सुरू करायचं का? नाही. पाच दिवसांच्या तापामागे मलेरिया असू शकतो, डेंग्यू असू शकतो, लघवीचा जंतुसंसर्गही असू शकतो. डॉक्टरकडे जायचं, पण हातात माहिती घेऊन. ताप कोणत्या तारखेला सुरू झाला, कोणती औषधं झाली त्यांची पाकिटं, लेकरू शेतात-गोठ्यात वावरतं का, आणि अंगावर खपली दिसली असेल तर मोबाईलमधला तिचा फोटो. ‘डॉक्टरसाहेब, स्क्रब टायफस असू शकतो का?’ एवढं विचारायला संकोच करू नका. चांगला डॉक्टर यावर चिडत नाही.

गावाने काय करायचं

फवारणी दिसायला छान दिसते, पण खरं काम विळा-फावड्याचं आहे. घर, शाळा आणि अंगणवाडीच्या भोवतीचं गवत, तरोटा, गाजरगवत कापणं. सरपण आणि कुटार घरापासून थोडं दूर, उंदरांना आसरा मिळणार नाही असं रचणं. लेकरांना उघड्या जमिनीवर किंवा गवतावर झोपवू नका. सोंगणीच्या दिवसांत लहानग्याला धुऱ्यावर झोपवून बाया कामाला लागतात, त्याला पर्याय नसतो हे मान्य. निदान खाली ताडपत्री टाका, अंगभर कपडे घाला, बाज मिळाली तर उत्तम. घरी आल्यावर साबणाने आंघोळ आणि कपडे धुणं, यानेही चिकटलेलं चिगर जातं. या आजाराला लस नाही.

ग्रामपंचायत आणि आरोग्य समितीने आपल्या पीएचसीला विचारण्यासारखे तीन-चार प्रश्न आहेत. डॉक्सिसायक्लिन आणि लेकरांसाठी अझिथ्रोमायसिनचं सिरप आज साठ्यात आहे का? एलायझासाठी रक्ताचा नमुना कुठे जातो आणि रिपोर्ट किती दिवसांत येतो? रेफर करताना पहिला डोस दिला जातो का? आणि खाजगी दवाखान्यात सापडलेला रुग्ण सरकारी नोंदीत येतो का? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण नोंद झाली नाही तर त्या वाडीत पथक जात नाही, आणि पुढच्या वर्षी त्याच धुऱ्यावरून दुसरं लेकरू तापाने येतं. ग्रामसभेच्या इतिवृत्तात हे प्रश्न लिहून घ्या, उत्तर लेखी मागा. आशाताईंच्या घरभेटीत ‘ताप किती दिवस’ यासोबत ‘अंगावर खपली बघितली का’ हा प्रश्न या महिन्यापासूनच जोडता येईल, त्याला कोणाच्या मंजुरीची गरज नाही.